तुझ्या नायकाला इतक्या लवकर माफ करू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं आणि मोबाइल अ‍ॅपवर तू क्रमशः लिहितेस त्या प्रेमकथेचे सोबत पाठवलेले सगळे भागही वाचले. रात्री जेवणं आटोपल्यावर 'जरा चाळून बघू' म्हणून बसले आणि बाराचे ठोके पडले तरी उठले नाही. तेव्हा तुला लिहिता येतं की नाही, हा प्रश्न निकालात निघाला. आता दुसरा प्रश्न. 'असल्या गोष्टी वाचून पोरी बिघडतात' असं तुझ्या काकू चारचौघांत बोलल्या आणि तेव्हापासून तुझं लिखाण अडून बसलंय. लिहू की सोडू, असं तू विचारतेस.

सोडू नकोस. पण काकूंचं बोलणं उडवूनही लावू नकोस. त्यांनी बोट भलतीकडे दाखवलंय, तरी त्यांची काळजी खोटी नाही.

'बिघडतात' हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले. मी वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर बसायला लागले तेव्हा चंद्रकांत काकोडकरांच्या प्रणयरम्य कादंबऱ्यांना तुफान मागणी होती. कार्ड सासऱ्यांच्या नावाचं, पुस्तक न्यायला आलेला आठवीतला दीर, आणि त्याच्या मुठीत वहिनीची घडी घातलेली चिठ्ठी: 'काकोडकर असल्यास द्यावे, नसल्यास दुसरे कोणतेही.' ती पुस्तकं इतकी फिरत की बांधणी पुन्हापुन्हा करून घ्यावी लागे, आणि टेबलावर ठेवली की काही ठरावीक पानांशी आपोआप उघडत. कार्यकारिणीत दर वर्षी कुणीतरी ठराव मांडायचं की ही खरेदी बंद करा. मग वर्गणीचा हिशोब पुढे यायचा आणि ठराव बारगळायचा.

याच काकोडकरांवर 'श्यामा' या कथेबद्दल अश्लीलतेचा खटला झाला होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातली ही कथा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. त्या निकालात न्यायालयाने एक फार शहाणपणाची गोष्ट नोंदवली आहे. लैंगिक गोष्टींचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरवयीनांसाठी अयोग्य ठरवली, तर त्या मुलांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. चिठ्ठ्या पाठवणाऱ्या त्या बायका आज आज्या झाल्या आहेत, आणि नातींच्या मोबाइलवर नजर ठेवून असतात!

तेव्हा चुंबनाला घाबरू नकोस. प्रेमाला तर नाहीच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला या वयात जे वाटतं, त्याविषयी तिच्याशी कोण बोलतं? घरी विषय काढायची सोय नाही. शाळेत प्रजननाचा धडा आला की बाई 'घरी वाचून या' म्हणतात. तिला काय हवं आहे, ही गोष्ट जिथे कथेच्या मध्यभागी असते अशी जागा म्हणजे हीच 'टुकार' प्रेमकथा. शिवाय तुझ्यामुळे कितीतरी मुली मोबाइलवर मराठी वाचतायत, हे मी वाचनालयवाली बाई विसरणार नाही.

मग मला खटकलं काय? तुझा अठरावा भाग. कॉलेजच्या कँटीनमध्ये तुझी नायिका सई वर्गातल्या एका मुलाशी हसून बोलते. तुझा नायक रुद्र येतो, तिचं मनगट धरतो आणि सगळ्यांदेखत तिला ओढत पार्किंगपर्यंत नेतो. फोन हिसकावून त्या मुलाचा नंबर ब्लॉक करतो. या ओढाताणीत तिच्या हातातली काचेची बांगडी फुटते आणि मनगटाला रक्त येतं. पुढच्याच ओळीत तो स्वतःचा रुमाल तिच्या मनगटाला बांधतो आणि सईच्या अंगावर शहारा येतो. खाली वाचकांनी लिहिलंय, 'किती पझेसिव्ह! असाच नवरा हवा.'

ती बांगडी तुला सुचली तेव्हा तू खरी लेखिका होतीस. ओढाताणीत काच फुटते आणि लागतं, हे तुला ठाऊक होतं. मग रुमाल आणलास आणि स्वतःच पाहिलेलं स्वतःच झाकून टाकलंस. दुखापत करणाऱ्यानेच पट्टी बांधायची, आणि वाचणारीने पट्टी तेवढी लक्षात ठेवायची. काकूंना शोधायचं असेल तर बिघाड इथे आहे.

तू हे दुष्टपणाने करत नाहीस. मला वाटतं, धारावाहिकाचा साचाच हे करवून घेतो. रोजचा भाग हजारभर शब्दांचा, शेवटी 'आता पुढे काय' असं वाटायला लावणारी ओळ हवी. दोन समंजस माणसं एकमेकांशी नीट बोलली तर गोष्ट चाळीस भागांत संपते. ती दोनशेपर्यंत न्यायची तर नायकाला दर आठ-दहा भागांनी डोकं फिरवून घ्यावं लागतं, संशय घ्यावा लागतो, हात उगारावा लागतो. मग पश्चात्ताप, मग मिठी, मग पुन्हा नवा संशय. भांडणाने भाग निघतात. आणि गंमत बघ, मार खाणाऱ्या बायका घरातल्या दिवसांचं वर्णन करतात तेव्हा नेमकं हेच चक्र सांगतात. तू भाग वाढवण्यासाठी वापरतेस तो क्रम त्यांच्या घरी रोज चाललेला असतो, फक्त तिथे 'क्रमशः' लिहिलेलं नसतं.

क्रमशः लिहिलं की हलकंच लिहावं लागतं, असंही नाही हं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही 'करमणूक' साप्ताहिकात क्रमाक्रमानेच आली. 'करमणूक' सुरू झालं १८९० साली. यमुना स्वतःची हकिगत स्वतः सांगते, आणि पुढच्या अंकाची वाट बघायला लावणारी माणसं तिच्या घरातलीच आहेत. हरिभाऊ त्यांतल्या कुणालाही स्वस्तात सोडत नाहीत. जमलं तर वाच. भाषा जुनी वाटेल, पण पन्नासेक पानांनंतर सवय होते.

आता तुझ्या पिढीचं बोलू. 'ट्वायलाइट' तू वाचलंयस, तुझ्या रुद्रमध्ये त्यातला नायक एडवर्ड दिसतोच. स्टेफनी मायर यांचं हे पुस्तक २००५ साली आलं आणि जगभरच्या मुली त्यावर तुटून पडल्या. नायक नायिकेच्या खोलीत तिच्या नकळत शिरतो आणि तिला झोपलेली बघत बसतो. तिसऱ्या भागात तर ती मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. वाचताना हे गोड वाटतं, कारण लेखिकेने आपल्याला नायिकेच्या, बेलाच्या, डोक्यात बसवलेलं असतं आणि बेलाला ते गोड वाटतं. टीका खूप झाली, नायिका नेहमी वाचवून घेणारीच का, असंही विचारलं गेलं. पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, मायरबाईंनी तीच कथा मुलगा-मुलगी यांची अदलाबदल करून पुन्हा लिहिली, 'लाइफ अँड डेथ' नावाने. ती कितपत जमली हे सोड, पण युक्ती चोरण्यासारखी आहे. तुझा अठरावा भाग तसा लिहून बघ. सईने रुद्रचं मनगट धरलंय, त्याला ओढत नेलंय, त्याच्या फोनमधल्या मैत्रिणीला ब्लॉक केलंय, आणि त्याला रक्त आलंय. तुझ्या वाचकांपैकी कोण 'अशीच बायको हवी' म्हणेल?

परिणाम होतो का, याचं सरळ हो-नाही उत्तर माझ्याकडे नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी केलेला एक अभ्यास तुझ्या कामाचा आहे. तो सिनेमांवर आहे, पुस्तकांवर नाही. मागे लागणारा पुरुष काही तरुणींना गोड प्रेमकथेत दाखवला, काहींना भीतिदायक कथेत. भीतिदायक सिनेमे पाहिलेल्या तरुणी पाठलागाच्या समर्थनाकडे कमी झुकल्या. गोड सिनेमे पाहणाऱ्यांपैकी ज्यांना ते खरं वाटलं, त्यांचं मत मात्र पाठलाग खपवून घेण्याकडे जास्त झुकलं. म्हणजे पाठलाग दाखवला की नाही, याहून तो कसा दाखवला याला महत्त्व. आणि ते ठरवणारी तू आहेस.

माझ्या खिडकीवरचा अनुभवही साधारण हाच. दहा मुली तेच पुस्तक नेत. आठ जणी हसत परत करत, 'काय येडा हिरो आहे' म्हणत. एखाददुसरी मात्र गप्प असे आणि तेच पुस्तक पुन्हा नेई. तिच्या घरी प्रेमाचा दुसरा नमुनाच नसायचा. वडील ओरडतात, आई गप्प बसते, आणि पुस्तकातला तो निदान नंतर रुमाल तरी बांधतो. तू लिहितेस ते आठ जणींना काही करणार नाही. या गप्प मुलीला समोर बसवून लिही. आणि मुलगे हे वाचत नाहीत, म्हणून त्यांचं सुटलं असं समजू नकोस. त्यांना हेच शिकवायला सिनेमे आहेत.

एक कोरडा मुद्दाही सांगून टाकते. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही तिच्या मागे मागे फिरणं, संपर्क करत राहणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. रुद्र पहिल्या सात भागांत हेच करतो. गुन्हा करणारी पात्रं कथेत असू नयेत असं मी म्हणत नाही, नाहीतर लिहायचं कशावर? पण सईच्या मैत्रिणींपैकी एकीला तरी हे ठाऊक असू दे. सगळ्या जणी 'लकी आहेस गं' म्हणतात, हे मला पटत नाही. कुठल्याही वर्गात एक तरी फटकळ मुलगी असतेच.

सईच्या वयाचंही बघ. ती बारावीत, सतरा वर्षांची, आणि रुद्र अठ्ठावीसचा, कंपनीचा मालक. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती हा कायदा धरतच नाही. तू तर पंचविसाव्या भागात त्यांचं 'कॉन्ट्रॅक्ट मॅरेज' लावून दिलंस. एक तर तिला एकवीस-बावीसची कर, नोकरी लाव, स्वतःचे पैसे हातात दे. नाहीतर दोघांमधलं अकरा वर्षांचं अंतर गोष्टीत जाणवू दे: तिला त्याच्या मित्रांत बोलायला काही सुचत नाही, जेवणाचं बिल नेहमी तोच देतो, कुठे जायचं तेही तोच ठरवतो. मला दुसरं वाचायला जास्त आवडेल. पण त्याला हिंमत लागते आणि वाचक थोडे रुसतील.

अठरावा भाग खोडून टाक असं मी म्हणणार नाही. रुद्रला ओढू दे, बांगडी फुटू दे. फक्त रुमाल काढ. सई बसने घरी जाते, आई विचारते 'हाताला काय झालं', आणि सई खोटं बोलते. एवढ्यावर भाग थांबव. पुढचा भाग वाचायला माणसं येतील की नाही, बघ. मग रुद्रला बदलायचं असेल तर खुशाल बदल, पण त्याला वेळ लागू दे. नंबर त्याने स्वतः अनब्लॉक करून त्या मुलाची माफी मागायला हवी, तीही सगळ्या कँटीनदेखत, कारण अपमान तिथेच झाला होता. सईने लगेच हो म्हणायची गरज नाही. तिने दहा भाग विचार केला तर तुझे दहा भाग आयते निघतात. भांडणाशिवायही गोष्ट लांबते ती अशी.

घरातल्यांशी वाद घालत बसू नकोस. धाकट्या चुलत बहिणीला तुझी गोष्ट वाचायची असेल तर चोरून देऊ नकोस, तिच्याबरोबर बसून वाच. 'तू सईच्या जागी असतीस तर काय केलं असतंस' हे विचार आणि तिचं उत्तर ऐकून घे, मध्ये शिकवू नकोस. त्या उत्तरातून तुला पुढच्या भागासाठी साहित्यही मिळेल.

राहिला तो करार. त्या अ‍ॅपवाल्यांनी तुला सही करायला पाठवलाय म्हणतेस. कथेचे ऑडिओचे आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे राहणार, किती वर्षांसाठी, आणि मधेच लिहिणं थांबवलंस तर काय, एवढी कलमं वेगळी काढून मला पाठव. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, वाचनालयाचे जुने सभासद. फी घेणार नाहीत. तोवर सही करू नकोस.

तुझी,
वाचनालयातली बाई