आईला ५८व्या वर्षी गर्भाशयाचा कर्करोग झाला, घरात इतर कुणालाच नाही. तरी आनुवंशिक तपासणी करावी का?

हो, आणि सुरुवात रक्तापासून नव्हे, गाठीपासून करा. बायोप्सीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींत ती प्रथिने आहेत का, हे रंगवून पाहणारी चाचणी) करून मागा. चारही शाबूत असतील तर लिंच सिंड्रोमची (गर्भाशयाच्या आणि आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शक्यता बरीच कमी होते.

एमएसएच२ किंवा एमएसएच६ गायब असेल तर थेट जनुकीय समुपदेशन आणि रक्ततपासणी. एमएलएच१ गायब असेल (पीएमएस२ बहुधा सोबतच जाते) तर आधी गाठीत एमएलएच१चे मिथायलेशन (जनुक बंद पाडणारा रासायनिक बदल) तपासतात. ते सापडले तर दोष बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. मिथायलेशन नसेल तर रक्ततपासणी हवीच. नेमकी ही मधली पायरी अनेकदा राहून जाते, आणि कुटुंब विनाकारण धास्तावते.

वय जास्त, घराण्यात कुणी नाही, म्हणून तपासणी टाळू नका. एमएसएच६च्या दोषात कर्करोग अनेकदा पन्नाशीनंतरच दिसतो.

दोष सापडला तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. आईलाही आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लागते. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर केवळ त्यावरून कुणाचीही शस्त्रक्रिया ठरवू नये.