वाचक विचारतात : युद्ध चालू असताना साक्ष टिपायची तर

प्रश्न : मी पोलंडमध्ये शिकते. आमचा विभाग ल्विवमधल्या संशोधकांबरोबर युक्रेनी निर्वासितांच्या मुलाखती घेणार आहे. संमतीपत्रावर सही घेतली की पुरे ना?
– एक विद्यार्थिनी, वॉर्सा

उत्तर : सही हवीच, पण एका सहीत सगळं उरकू नका. आज जिने होकार दिला तिचं गाव पुढच्या महिन्यात रशियाच्या ताब्यात गेलेलं असू शकतं आणि तिच्या एका वाक्यावरून मागे राहिलेल्या भावाला चौकशीला उचलता येतं. म्हणून रेकॉर्डिंग, शब्दांकन, नाव, आवाज, चेहरा आणि खुलं करण्याची तारीख, या प्रत्येकाला वेगळा हो-नाही ठेवा. शब्दांकन हातात दिल्यावर पुन्हा विचारा. मजकूर एकदा प्रसिद्ध झाला की तो पूर्णपणे मागे घेता येत नाही, हेही आधीच सांगा.

‘कोणालाही दाखवणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. उत्तर आयर्लंडमधल्या माजी लढवय्यांच्या मुलाखती अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने ‘तुम्ही हयात असेपर्यंत गुप्त’ म्हणून ठेवल्या होत्या. २०११ मध्ये त्यासाठी समन्स निघालं आणि काही टेप शेवटी पोलिसांकडे गेल्या. ‘न्यायालयाचा आदेश येईपर्यंत’ हे शब्द संमतीपत्रात असलेच पाहिजेत.

तुमच्या बाबतीत हा धोका निव्वळ कागदावरचा नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेन, पोलंड आणि लिथुआनियाने युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त तपासपथक स्थापन केलं आणि पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांचं कार्यालय त्यात आलं. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या व्यक्तीचा जबाब आधीच झालेला असू शकतो, किंवा पुढे व्हायचा असू शकतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: ‘हे तुम्ही याआधी कोणाला सांगितलंय का?’ एकच प्रसंग पत्रकाराला, स्वयंसेवी संस्थेला, पोलिसांना आणि तुम्हाला असा चारदा सांगितला की तपशील थोडे थोडे सरकतात आणि बचावपक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. शिवाय सांगणाऱ्याला ते सगळं चौथ्यांदा भोगावं लागतं, ते वेगळंच. युरोजस्ट (फौजदारी तपासात देशांना जोडणारी युरोपीय संघाची संस्था) आणि या अभियोक्ता कार्यालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेचा कलही तपशीलवार जबाब घेणं टाळण्याकडे आहे. लहान मुलं आणि लैंगिक अत्याचाराचे बळी यांच्याबाबत तर अधिकच. तुमचं काम मौखिक इतिहासाचं. घर कसं सोडलं, पिशवीत काय घेतलं, शेजारी कोण राहिलं, हे विचारा. सैन्याच्या जागा आणि हालचाली विचारूच नका. कोणी आपणहून सांगितल्या तर तेवढा भाग प्रसिद्धीतून वगळा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा नेहमीचा भ्रम. ज्या खेड्यात एकच डॉक्टर आहे तिथे ‘गावातली डॉक्टर’ म्हटलं की झालं! गाव, हुद्दा, मुलांची संख्या आणि निघाल्याची तारीख हे चारही एकत्र वाचून पाहा. खऱ्या नावांची यादी मुलाखतींपासून वेगळी, सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) लावून ठेवा.

आणि हो, सहकार्याच्या करारात एक ओळ पहिल्या मुलाखतीआधीच लिहून घ्या: संग्रह खुला करायचा की नाही, हे कोण ठरवणार? युक्रेनी सहकाऱ्यांनी मुलाखती जमवायच्या आणि सर्व्हरची किल्ली, लेखावरचं पहिलं नाव पश्चिमेकडच्या विद्यापीठाचं, असल्या भागीदारीला आम्ही सहकार्य म्हणणार नाही.

प्रश्न : २०२२ मध्ये खार्किवहून परतताना मी काढलेले व्हिडिओ अजून फोनमध्ये आहेत. त्यांचं काय करू?
– एक डॉक्टर, अहिल्यानगर

उत्तर : काटछाट करू नका, नाव बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखे पाठवले तर फाईल दाबली जाते आणि तिच्या पोटातली वेळ-ठिकाणाची माहितीही गळते. केबलने संगणकावर उतरवा आणि लगेच प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढा. ही ६४ अक्षर-अंकांची ओळ म्हणजे फाईलचा जणू अंगठा. एक बिट बदलला तरी ओळ पालटते. ती कागदावर उतरवून ठेवा. मग तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

सोबत टिपण हवं: कुठे उभे होतात, तोंड कोणत्या दिशेला होतं, फोनचं घड्याळ कोणत्या वेळेवर होतं. ही शेवटची गोष्ट हमखास राहते. भारत हिवाळ्यात कीवच्या साडेतीन तास पुढे असतो, उन्हाळ्यात अडीच. आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयाने २०२३ मध्ये पुरावे स्वीकारण्यासाठी ऑनलाइन खिडकी उघडली आहे, तिथे व्यक्तीही फाईल देऊ शकते. व्हिडिओत मित्रांचे चेहरे असतील तर आधी त्यांना विचारा. चेहरे पुसायचेच असतील तर प्रतीवर पुसा, मूळ फाईलला हात लावू नका.

प्रश्न : पकडलेल्या सैनिकांचे व्हिडिओ ‘पुरावा’ म्हणून पुढे पाठवावेत का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं, मग सैनिक कोणत्याही बाजूचा असो. त्यात मारहाण दिसत असेल तर दुवा, पानाचा पत्ता आणि पाहिल्याची वेळ नोंदवून तपासयंत्रणेला द्या. गटात टाकू नका.