स्पीकर कंपनीचेच, अँप नवा

गेल्या वेळी गाडीतल्या आवाजावर लिहिलं. त्यावर आलेले बरेचसे प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात: दारातले स्पीकर कंपनीचेच ठेवून बाहेरचा अँप्लिफायर (अँप) जोडायचा, तर कसा? त्यातले सहा प्रश्न घेतो.

स्टिरिओवरच '४ x ५० वॅट' छापलंय. मग ४ x ५० चाच अँप लावून काय वेगळं मिळणार? दुकानदार म्हणतो, आवाज दुप्पट होईल. (नाशिक)

स्टिरिओवरचा आकडा जाहिरातीचा आहे. आत एक छोटी आयसी (स्पीकर चालवणारी चिप) असते आणि तिला मिळतात गाडीचे १४.४ व्होल्ट, तेही इंजिन चालू असताना. १४.४ चा वर्ग करा, दोनाने भागा, मग स्पीकरच्या ४ ओहमने भागा. उत्तर येतं २६ वॅटच्या आत. आयसीत काहीच वाया जात नाही असं धरून हे झालं. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १५ ते २० वॅट मिळाले तरी पुष्कळ. बऱ्या अँपमध्ये व्होल्टेज वाढवणारी वेगळी पॉवर सप्लाय असते, म्हणून तो खरे ५० देऊ शकतो.

पण दुकानदाराचंही खरं नाही. १८ वरून ५० वॅट म्हणजे साधारण साडेचार डेसिबलची वाढ. कानाला दुप्पट वाटायला दहाएक डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मिळतो तो मोकळेपणा. ढोलकीची थाप पडते तिथे स्टिरिओची आयसी मान टाकते आणि आवाज पिचतो. अँप ती थाप पेलतो. एवढ्यासाठी पैसे घालायचे असतील तर जरूर घाला. गल्ली हादरवायची असेल तर सबवूफर लागतो, तो विषय निराळा.

अँपवरचा हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीखालचा खर्ज अडवणारा) मात्र ८० हर्ट्झवर चालू ठेवाच. आवाजाची पातळी तीच ठेवून ८० वरून ४० हर्ट्झवर उतरलात, तर स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं. कंपनीचा कागदी कोन तिथेच फाटतो.

स्टिरिओच्या मागे आरसीए सॉकेट (अँपला सिग्नल द्यायची गोल भोकं) नाहीत. स्पीकरच्याच वायरी अँपला दिल्या तर चालेल? (कोल्हापूर)

चालेल, पण अँपवर 'हाय लेव्हल इनपुट' (थेट स्पीकरच्या वायरी घेणारं) असेल तरच. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल आरसीएजोगा लहान करणारी डबी) लावा. स्पीकरची वायर कापून थेट आरसीएच्या पिनला डकवू नका.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. धंद्यात नवा होतो. एका गाडीत मागच्या दोन स्पीकरांच्या निगेटिव्ह वायरी एकत्र करून बॉडीला अर्थ (अर्थिंग) दिल्या, कारण 'निगेटिव्ह म्हणजे अर्थ' एवढंच ठाऊक होतं. स्टिरिओ चालू केला, टक् आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास. नवी आयसी माझ्या खिशातून. गाडीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानाने सहा-सात व्होल्ट डीसी असतात. निगेटिव्ह वायरही 'जिवंत' असते. मल्टिमीटर लावून स्वतः बघा, खात्री पटेल. हेच डीसी ओळखून काही अँप आपोआप चालू होतात, त्यांना वेगळी रिमोट वायर (अँप चालू-बंद करणारी) लागत नाही.

आणि कंपनीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू नका. तुमच्या मॉडेलचं कपलर (वायर न कापता मध्ये बसणारा जोड) मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर सुटे कनेक्टरही मिळतात. कपलर लावलं की वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं. पिवळी कनेक्टर दिसली तर हातच लावायचा नाही, ती एअरबॅगची.

दारातल्या कंपनीच्या वायरी शेवयांसारख्या बारीक आहेत. सगळ्या जाड टाकू का? (ठाणे)

नको. हिशेब करा: अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन ८ मीटर, तर अवरोध सुमारे ०.२८ ओहम. चार ओहमच्या स्पीकरपुढे नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आसपास. ते ऐकू येणार नाही. त्यासाठी दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून नवी वायर ओढायची, म्हणजे दिवसभर बोटं सोलून घ्यायची. शिवाय ती नळी नीट बसली नाही, तर पावसाळ्यात पाणी आत येणार.

जाडी लागते ती बॅटरीकडून अँपला जाणाऱ्या केबलला. ४ x ५० च्या अँपला ८ गेजची पुरते, पण तांब्याची हवी. बाजारात स्वस्त किटांमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम सर्रास असतं, त्याचा अवरोध तांब्याच्या दीडपट. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर परत ठेवा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवा. तो अँपसाठी नसतो, केबलसाठी असतो. पत्र्याच्या भोकातून जाताना केबल सोलली गेली, तर आग लागण्याआधी फ्यूज उडायला हवा. त्या भोकात रबरी ग्रोमेट (पत्र्याची धार झाकणारी कडी) लागतोच.

अँप लावल्यापासून दोनदा ट्विटर (वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर) जळले. मेकॅनिकने ट्विटरमागची 'छोटी डबी' काढली होती, आवाज मोकळा येईल म्हणाला. (नागपूर)

ती डबी म्हणजे कपॅसिटर, आणि ट्विटरचा जीव तिच्यावरच. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ ओहमच्या ट्विटरला साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू अडवतो. तो काढल्यावर बास थेट त्या केसाएवढ्या तारेत गेला. नवा ट्विटर घ्याल तेव्हा तेवढ्याच मूल्याचा, नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर लावा.

पण तुमचा गेनही जास्त असावा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. स्टिरिओचा सिग्नल किती व्होल्टचा येतो ते अँपला कळवायची ती खुंटी. ती टोकापर्यंत फिरवली की सिग्नलची डोकी कापली जातात, आणि कापलेल्या सिग्नलची जादा ऊर्जा वरच्या पट्टीत जाऊन ट्विटरवरच पडते. सगळे इक्वलायझर सपाट करा, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर ठेवा, अँपकडून स्पीकर सोडवा आणि ४०० हर्ट्झचा टोन वाजवा (स्वस्त मल्टिमीटर त्याच्या फार वर खोटं बोलतात). कंपनीच्या स्पीकरसाठी ३० वॅट धरले, तर ३० गुणिले ४ म्हणजे १२०, त्याचं वर्गमूळ ११. अँपच्या आउटपुटवर एसी ११ व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवा आणि थांबा. पाच मिनिटांचं काम आहे, पण करतं कोण!

इंजिन चालू केलं की शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. (रत्नागिरी)

अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राची) शिट्टी. आधी अँपकडच्या आरसीए पिना काढून बघा. शिट्टी गेली तर दोष स्टिरिओकडच्या बाजूने येतोय: पॉवर केबल आणि आरसीए एकाच बाजूने टाकलेत का? पॉवर डावीकडून, सिग्नल उजवीकडून न्या. शिट्टी राहिलीच तर अँपचं अर्थिंग बघा. डिक्कीतला रंग घासून चमकता पत्रा उघडा करा, दीड फुटाहून लांब नसलेली वायर बोल्टने कसा आणि वरून ग्रीस लावा. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा पहिल्याच पावसात गंजतो.

फोन चार्जरला आणि ऑक्सला (स्टिरिओच्या ऑडिओ इनपुटला) एकदम जोडलात तेव्हाच शिट्टी येत असेल, तर अँपचा काही दोष नाही. चार्जर काढून बघा. गेली, तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थिंगमधला फेरा तोडणारी डबी) लावा.

दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. (पुणे)

तुमची रिमोट वायर कायम १२ व्होल्टवर जोडलेली दिसते. अँप गप्प असतानाही अँपिअरभर करंट खाऊ शकतो, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दोन दिवसांत ती बसणारच. रिमोट वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडा. कंपनीच्या स्टिरिओला ती नसेल, तर चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून घ्या, उदाहरणार्थ सिगारेट लायटरच्या. काही गाड्यांत लायटरलाही कायम वीज असते, म्हणून आधी चावी काढून मीटर लावा.