कबर अज्ञात राहिलेल्या युद्धमृत अधिकाऱ्याचे स्मरण कसे केले जाते?

कबर सापडत नाही तोवर राष्ट्रकुल युद्धकबर आयोग अशा अधिकाऱ्याचे नाव स्मारकाच्या भिंतीवर कोरतो. ओळख पटल्यास कबरीवर त्याच्या नावाची नवी शिळा बसवली जाते. ब्रिटिश सैन्याच्या आयरिश गार्ड्स या पलटणीतील जॉन किपलिंग हे अवघ्या अठराव्या वर्षी, सप्टेंबर १९१५ मध्ये, फ्रान्समधील लूसच्या लढाईत मारले गेले. अनामिक शिळांवरील ‘ईश्वराला ज्ञात’ हे शब्द ज्यांनी सुचवले, ते त्यांचे वडील, लेखक रड्यार्ड किपलिंग, मुलाची कबर न सापडताच वारले, ही गोष्ट मला फार हेलावून जाते. जुन्या दफननोंदीतील नकाशाचा संदर्भ चुकल्याचे मानून, ‘आयरिश गार्ड्सचा लेफ्टनंट’ एवढाच उल्लेख असलेली कबर जॉन यांचीच असल्याचे आयोगाने १९९२ मध्ये ठरवले. मृत्यूसमयी जॉन लेफ्टनंट होते का, यावरून अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या, तरी आयोगाने तो निर्णय कायम ठेवला.