बाभळीचा काटा आणि टायरमधलं सिलंट

भावा, बांधावर वेडी बाभूळ असेल तर ट्रॅक्टरचं पंक्चर ठरलेलंच. सिलंट (भोक बुजवणारं पातळसर रसायन) टाक, पण ते काय करतं ते आधी समजून घे. चाक फिरतं तसं ते नक्षीच्या आतल्या बाजूला पसरतं आणि हवेबरोबर बारीक भोकात जाऊन बसतं. म्हणजे काट्याला, खिळ्याला चालतं. टायर बाजूने फाटलं किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब गेली, तर पैसे पाण्यात.

पुढच्या 6.00-16 मापाच्या टायरपासून सुरुवात कर. मागच्यात वजनासाठी पाणी भरलंय? मग तिथे नको, पातळ होऊन वाया जाईल. हवा सोडून व्हॉल्व्हची पिन काढायची, डब्यावरच्या मापाने ओतायचं, हवा भरून लगेच गाडी चालवायची.

ट्यूबवाल्या टायरची खरी गोम वेगळीच. काटा वरून मोडतो, टोक टायरमध्येच राहतं आणि नव्या ट्यूबलाही टोचत बसतं. टायर उघडलं की आतून सुती चिंधी फिरव (बोट नको रे!). अडकेल तिथे काटा. पकडीने उपट.

आणि पंक्चरवाल्याला सिलंट आहे म्हणून आधीच सांग. ट्यूब धुऊन कोरडी केल्याशिवाय पॅच धरत नाही, मग तो तुझ्यावरच चिडतो.