डिलिव्हरीला चार महिने झाले, तरी शिंकले की लघवी होते. हे आपोआप थांबेल का?

'सगळ्यांनाच होतं' हे तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अर्धंच खरं. पुष्कळ जणींना होतं, पण म्हणून ते सोसत बसायचं नसतं. मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं पॅड लावून फिरणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्याही पाठ दुखते म्हणून! लघवीच्या गळतीचं शेवटी, दाराशी उभं राहून सांगतात.

ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधारावर असतात. गरोदरपणाच्या भाराने ती सैलावते, नॉर्मल डिलिव्हरीत आणखी ताणली जाते. सिझेरियनवाल्याही यातून पूर्ण सुटत नाहीत.

अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये यावरचा व्यायाम मांडला. आता तो यूट्यूबवर बघून सगळ्या करतात, आणि बऱ्याच जणी चुकीचा करतात. 'करून दाखवा' म्हटलं की श्वास रोखतात, पोट टणक होतं, कंबर टेबलावरून उचलली जाते. जो स्नायू वर यायला हवा तो मात्र जागच्या जागी, नाहीतर उलट खाली ढकललेला.

गुडघे वाकवून आडव्या व्हा. चारचौघांत गॅस सुटू नये म्हणून जसं आवळून धरतो तसं मागून पुढे आवळा आणि आत, वर ओढून घ्या. श्वास चालू ठेवा. पाच सेकंद धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. हे सैल सोडणं कुणी करतच नाही! आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. जमायला लागलं की लोकलमध्ये उभ्या उभ्याही करा, शेजारणीला पत्ता लागत नाही. लघवी करताना मधेच धार अडवून सराव मात्र करू नका. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका.

पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय म्हणून पाणी तोडू नका. स्टेशनवरच्या टॉयलेटची अवस्था मलाही माहीत आहे. पण पाणी कमी प्यायलात तर लघवी गडद होऊन मूत्राशयाला त्रास होतो, त्यात बद्धकोष्ठ झालं की कुंथावं लागतं आणि सगळा जोर याच स्नायूंवर येतो. मालिशवाल्या बाई पोट करकचून बांधत असतील तर तेही थांबवा, तो दाबही खालीच जातो.

खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, हाताला गाठ लागत असेल किंवा शी-गॅस आवरत नसेल, तर व्यायामावर विसंबू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. संबंधांच्या वेळी दुखत असेल तरीही. तिथे स्नायू सैल नसून आखडलेला असू शकतो, आणि मग केगलच्या या व्यायामाने दुखणं वाढतं. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या मुंबईतल्या पालिका रुग्णालयांमध्ये फिजिओथेरपीचे विभाग आहेत. रांग असते, सकाळी लवकर जा.

सहाव्या महिन्यातल्या जाऊबाईंबद्दल विचारलंत, तर त्यांनी आताच सुरू करावं. गरोदरपणात केलेल्या या व्यायामाने शेवटच्या महिन्यांतली गळती कमी होते. फक्त एवढं पोट असताना पाठीवर झोपून नको, बसून किंवा कुशीवर करायला सांगा.