शहरात वाढलेल्या भावी शिक्षकांना शेती आणि परिसर शिकवायला कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या, विद्यार्थ्यांना परिसर अभ्यास शिकवता, त्यातले निम्म्याहून जास्त शहरातले आहेत आणि शेतीचा पाठ आला की ते नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. माझी 22 वर्षं मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत गेली. मधली 4 वर्षं साधनव्यक्ती म्हणून शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली. त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी प्रशिक्षणाचं वेळापत्रक पिकाला बांधा. आम्ही एकदा मे महिन्यात तीन दिवस सभागृहात शेतीविषयक प्रशिक्षण घेतलं होतं. पडद्यावर चित्रं होती, हातात घडीपत्रिका होत्या आणि बाहेर रानं नांगरून उन्हात तापत पडलेली. बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, आंतरमशागत असं सगळं शिक्षकांनी वहीत उतरवून घेतलं. जूनमध्ये शाळाभेटींना गेलो तर तेच शब्द फळ्यावर होते आणि मुलं ते वहीत उतरवून घेत होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण प्रशिक्षण देणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या वर्षी सलग तीन दिवस न घेता दर महिन्याला एक दुपार घेतली, त्या महिन्यात रानात जे चाललंय त्यावर.

सुरुवात गोणपाटापासून करा. सोयाबीन पेरण्याआधी आमच्याकडचे शेतकरी घरच्या बियाण्याची उगवण तपासतात. गोणपाट धुऊन ओलं करायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर बियाणं पेरण्याजोगं, कमी आले तर एकरी बियाणं वाढवावं लागतं. तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची गुंडाळी करायला लावा. गणित, विज्ञान आणि घरचा हिशेब या एका गोणपाटात येतात, आणि शंभरातली किती उगवली हे ज्या मुलाने मोजलंय त्याला पुढे शेकडेवारी वेगळी समजवावी लागत नाही. बियाणं मात्र घरचं, औषध न लावलेलंच घ्या. पिशवीतल्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्याला मुलांचा हात लागता कामा नये.

हाच प्रयोग चौथीच्या वर्गात चालू असताना एका शिक्षिकेने मुलांना विचारलं, "माझ्या गुंडाळीत 54च का उगवले असतील?" मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची थैली कुणीतरी आपटली असेल. आमची आजी सोयाबीनची थैली आपटूच देत नाही." अगदी खरं आहे ते. सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच आत, त्यामुळे उंचावरून टाकलं की बियाणं मुकं होतं, म्हणजे उगवत नाही. त्या बाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी मुलीच्या आजीला शाळेत बोलावलं आणि तासभर तिच्यासमोर मुलांसोबत खाली बसल्या. माझ्या मते शहरातल्या शिक्षकाला शिकवायची मुख्य गोष्ट हीच: मुलाच्या घरी आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे हे मोकळेपणाने मान्य करायचं, नेमके प्रश्न विचारायचे आणि मिळालेलं उत्तर तपासून बघायचं. शेतकऱ्याचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. म्हणून तर गोणपाट आणि मोजणी हवी.

पावसाचंही तसंच. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवा, तळाच्या वळणापर्यंत खडे आणि पाणी भरून तिथे शून्याची खूण करा आणि पट्टी चिकटवा. रोज सकाळी साडेआठला वाचून फळ्यावर आकडा लिहायचा. 1 मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर, एका गुंठ्यावर साधारण 100 लिटर. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मुलं रोजच्या आकड्यांची बेरीज करत जातात आणि एक दिवस घरी जाऊन वडिलांना सांगतात, "अजून 20 बाकी आहे." मी हे स्वतः पाहिलंय.

आपल्याकडे हे नवीन नाही. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी आणलं गेलं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला हाताने काम करत शिकवणारा विज्ञान आश्रम सुरू केला. तुमच्या विद्यार्थ्यांना सेवाग्राम किंवा पाबळ जमलं तर जरूर दाखवा, पण एका सहलीवर भागवू नका.

परसबागेबद्दल एक कळकळीने सांगतो. खुरपणं, पाणी घालणं ही कामं कधीही शिक्षा म्हणून देऊ नयेत. उशिरा आला म्हणून वाफा खुरपायला लावलेल्या मुलाच्या मनात माती म्हणजे अपमान असं बसतं, आणि ज्याचे आईवडील रोज तेच काम करतात त्याच्यावर काय परिणाम होतो याचा विचार करा. झाडलोट मुलींकडे आणि कुदळ मुलांकडे हेही नको. भाजी निघाली की ती पोषण आहारातच गेली पाहिजे आणि मुलांसमोर वजन करून गेली पाहिजे. हे नियम तुमच्या विद्यार्थ्यांकडून पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या.

आता जून निघून गेला असेल तर वर्षभर थांबू नका, हरभरा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन वाफे पेरले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत, म्हणजे शाळा भरलेली असतानाच, पीक हाती येतं. पीक वर आलं की इंग्रजी टी अक्षरासारखे काठीचे पक्षीथांबे रोवा आणि कोतवाल किती वेळा येऊन बसतो, खाली उतरून काय टिपतो ते रोज दहा मिनिटं लिहून काढायला सांगा. हरभऱ्याचे घाटे पोखरणारी घाटे अळी आणि पक्षी यांचं नातं त्यांना त्या वहीतच सापडेल. पहाटे त्याच वाफ्यावर स्वच्छ पांढरं फडकं पसरून ते दवाने भिजू द्या. फवारणी केलेली नसेल तर प्रत्येकाने बोट लावून जिभेवर ठेवायचं. ही हरभऱ्याची आंब. कुणाच्या आजीने ती पोटदुखीवर दिली असेल तर त्या आजीला बोलवा.